खंडेनवमीची उसनी तलवार

शुक्रवार, १७ जानेवारी. सकाळ, नाश्ता झालेला. ठिकाण : कुवेत, फिंतास, हनानचं घर.

हजर : हनान, मी, सतीश (माझा नवरा), ईशा (आमची मुलगी), आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आई. गैरहजर : हनानचा मुलगा मुहन्नद. तो मस्कतला असतो, पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, आणि आम्ही जमलो होतो ते त्याच्याचसाठी. टेबलावर, फुलाफुलांच्या जुन्या चादरीत गुंडाळलेली एक तलवार.

कामाला बसताना आधी कोण कोण आहे ते लिहायचं, ही माझी सवय. अम्गऱ्याला एका वाहतूक कंपनीचं सुट्या भागांचं गोदाम मी सांभाळते, तिथे लागलेली. आजचं काम एकच होतं. तलवार म्यानातून बाहेर काढायची. ऐकायला सोपं वाटतं, पण ही तलवार नव्वद सालच्या आधीपासून म्यानातून निघालेली नाही.

हनान आणि मी लहानपणी एकाच इमारतीत राहायचो. तिचे वडील उस्ताद इद्रीस सुदानचे, ओमडुर्मानचे, इथल्या शाळेत अरबी शिकवायचे. माझे बाबा तेलाच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. दोघंही आता नाहीत. हनान मोठेपणी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला म्हणून परत आली, याच गल्लीत राहिली, आणि आता निवृत्त होऊन मुलाकडे निघाली आहे. ओमडुर्मानच्या घरात आज काय उरलंय ते तिला माहीत नाही; विचारायला तिथे कुणी नाही. वडिलांची म्हणून हातात राहिली ती ही तलवार. त्यांच्याकडे लग्नात नवरदेवाच्या हातात तलवार असते. तो ती पाहुण्यांच्या डोक्यावर उंच धरतो, आणि पाहुणे हात वर करून त्याला दाद देतात. उस्तादांच्या लग्नात हीच होती. मुहन्नदच्या हातातही हीच असावी, एवढंच हनानचं मागणं.

सामान पाठवणाऱ्या एजंटने साधा प्रश्न विचारला होता. पातं कसलं आहे? जुनं परदेशी पातं असेल तर ती पुराणवस्तू, तिचा परवाना वेगळा, आणि तो लग्नाआधी मिळेल याची खात्री नाही. साधी असेल तर घरसामानात जाईल. दोन्ही बाजूंचे फोटो शनिवारपर्यंत पाठवा.

आणि उस्तादांनी आम्हाला जन्मभर सांगितलं होतं की पातं फार फार जुनं आहे, फिरंग्यांच्या देशातून आलेलं आहे.

"आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय," हनान म्हणाली, "बाबा थापा मारत होते असं निघालं तर बरं होईल."

आमचं बोलणं हिंदी, अरबी आणि मराठी अशा तीन भाषांत चालतं. ही चादर कुणाची, ते मात्र तिने शुद्ध मराठीत सांगितलं. "तुझ्या आईची. पलंगपोस."

मी पलंगपोस उलगडला. आधी चामड्याचा वास आला, मग बखूरच्या धुपाचा, मग त्याखालून आणखी काहीतरी तेलकट, शिळं, ओळखीचं. मी वाकून पुन्हा वास घेतला. आणि पुढची काही मिनिटं माझं हातातल्या कामात लक्ष नव्हतं.

त्या वेळचं फिंतास बसकं होतं. तीन मजल्यांची आमची इमारत गल्लीत सगळ्यांत उंच. गच्चीवर गेलं की पूर्वेला समुद्र, दक्षिणेला कारखान्याच्या धुराड्यांवरची ज्योत. वारा दक्षिणेचा असला की कपडे वाळत घालायचे नाहीत. गंधकाचा वास बसायचा. वारा समुद्राचा असला की सगळ्या इमारतीला मासळीचा, ओल्या दोरखंडांचा वास. उन्हाळ्यात धुळीचं वादळ आलं की आया खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबायच्या, तरी साखरेच्या डब्यात वाळू निघायचीच. चहाच्या तळाशी ती राहायची. आम्हाला वाटायचं, चहा असाच असतो.

ऑक्टोबर लागला की उन्हाचा हात सैल व्हायचा. संध्याकाळी दारं उघडी राहायला लागायची, आणि उघड्या दारांतून घराघरांतले वास जिन्यात एकत्र यायचे. खालच्या मजल्यावरून आलं घातलेली सुदानी कॉफी भाजल्याचा, आमच्याकडून फोडणीचा. नवरात्र असंच जिन्यातून यायचं. बाहेर काहीच नसायचं. ना पताका, ना लाउडस्पीकर. फक्त आई एकदम जास्त वेळा झाडू मारायला लागायची.

नवव्या दिवशी, खंडेनवमीला, बाबांच्या अवजारांची पूजा. हॉलमध्ये पाट मांडायचा. त्यावर पान्यांचा संच मोठ्यापासून लहानापर्यंत, बाबांचं व्हर्नियर मखमली डबीतून काढून, आईची विळी आणि शिवणाच्या मशीनचं चाक, माझी कंपासपेटी. झेंडू मिळायचा नाही. गल्लीच्या टोकाला एक बोरीचं झाड होतं, अरबीत सिद्र म्हणतात ते. त्याचीच पानं दुसऱ्या दिवशी सोनं म्हणून वाटायची. श्रीखंड लब्नेचं, म्हणजे घट्ट अरबी दह्याचं, कारण चक्का टांगून ठेवायला दही तसं मिळत नसे आणि लब्ने डबाबंद तयार मिळायचं. किंचित खारट श्रीखंड. ते मला अजूनही खरं श्रीखंड वाटतं.

अशाच एका नवमीला उस्ताद इद्रीस जिना चढून गच्चीवर चालले होते. दार उघडं. त्यांनी पाट पाहिला आणि थांबले. उंच, किडकिडीत माणूस, पांढरा पायघोळ जलाबिया, काखेत वह्यांचा गठ्ठा.

"हे काय आहे?"

"शस्त्रपूजा," बाबांनी ऐटीत सांगितलं. "आमच्याकडे आज शस्त्रांची पूजा करतात."

उस्तादांनी पान्यांकडे पाहिलं, विळीकडे पाहिलं, माझ्या कंपासकडे पाहिलं. "शस्त्र कुठे आहे?"

आई आतून म्हणाली, "विळी आहे की!"

उस्ताद खाली गेले आणि परत आले ते तलवार घेऊन. सरळ, दुधारी, फुलीसारख्या आडव्या मुठीची. म्यान लाल-तपकिरी चामड्याचं, टोकाशी पानासारखं पसरट झालेलं. त्यांनी ती दोन्ही हातांवर आडवी धरून बाबांसमोर केली. त्यांची अट एकच होती : फूल चालेल, पान चालेल, दिवाही चालेल, पण लोखंडाला लाल रंग लावायचा नाही. बाबांनी मान्य केलं. मग उस्ताद दारातच, चपलांच्या फळीपाशी, हात मागे बांधून उभे राहिले आणि पूजा पूर्ण होईपर्यंत तिथून हलले नाहीत. तलवारीची त्यांना काळजी वाटत होती, की आमच्या पूजेचा मान ठेवत होते, ते मला आजही कळलेलं नाही.

नंतर त्यांनी वाटीभर श्रीखंड खाल्लं. "लब्नेमध्ये साखर?" ते म्हणाले. "बहन, हा गुन्हा आहे." आणि वाटी पुढे केली.

तेव्हापासून दरवर्षी. आम्ही आठ दिवस आधीच निरोप द्यायचो, आणि नवमीच्या सकाळी तलवार पलंगपोसात गुंडाळून वर यायची. चादर आईनेच दिली होती; नागडी तलवार जिन्यातून नेलेली बरी दिसत नाही, असं तिचं म्हणणं. पूजा झाली की उस्ताद पातं बाहेर काढून आम्हा मुलींना दाखवायचे. पात्याच्या मध्यावर चेहऱ्यांचे दोन अर्धचंद्र कोरलेले, एकमेकांकडे पाठ केलेले, आणि त्यांच्या मधोमध एक लहानसा पूर्ण चंद्र. उस्ताद बोट ठेवून सांगायचे, "हे दोन फिरंग्यांचे. मधला माझ्या वडिलांचा."

मग गालिच्यावर नकाशा. चहाचा पेला म्हणजे कैरो. राखदाणी म्हणजे ओमडुर्मान. काडेपेटी झांजिबार. जर्मनीत कुठलंतरी गाव आहे, तिथे नुसती पातीच घडवतात, असं ते सांगायचे. तिथून पाती जहाजाने पेल्यापर्यंत यायची, पेल्यापासून उंटांवर वाळवंट ओलांडून राखदाणीपर्यंत. तिथे कुणी मूठ बसवी, कुणी म्यान शिवी. म्यान शिवणारे तर आणखी लांबचे, पार पश्चिम आफ्रिकेतले. हजला पायी निघालेले, वाटेत थांबलेले आणि मग तिथलेच झालेले. जी पाती पश्चिमेकडे गेली त्यांना तिकडच्या वाळवंटातल्या लोकांनी आपली मूठ बसवली. जी तांबडा समुद्र ओलांडून आली ती येमेनी झाली, ओमानी झाली. त्यांचं म्हणणं असं होतं की पातं प्रवासात असतं, मूठ घरी बनते.

"अहो, मग आमच्याकडे पण!" बाबांना राहवायचं नाही. ते माझं खोडरबर उचलून गालिच्याच्या पार कडेला ठेवायचे. "हे दाभोळ. कोकणातलं बंदर. इथे उतरायची फिरंग्यांची पाती. आम्ही त्यांना मराठी मूठ बसवायचो. म्हणून तर त्या तलवारीचं नावच फिरंग."

"म्हणजे तुमची आणि माझी तलवार एकाच जहाजात होत्या?"

"निदान एकाच गोदामात."

मोठे दोघं खूप हसायचे. गोदाम हा शब्द मी पहिल्यांदा त्या गालिच्यावर ऐकला असावा.

एकदा आईने त्यांना आमच्या नवरदेवाच्या कट्यारीबद्दल सांगितलं. तिच्या टोकाला लिंबू खोचतात, हे ऐकून उस्ताद कॉफी पिता पिता ठसकले.

"लिंबू? कशाला?"

"टोक कुणाला लागू नये म्हणून," आई म्हणाली.

"सरबतासाठी," बाबा म्हणाले. "लग्न लांबतं फार."

उस्तादांनी पुढे नातवाचं नाव मुहन्नद ठेवलं. हिंदच्या पोलादाची तलवार, असा त्याचा अर्थ. जुन्या अरबी कवितेत सगळ्यात चांगल्या तलवारीला म्हणतात. तेव्हा ते कुवेतमध्ये नव्हते. बाबांना मुद्दाम ओमडुर्मानहून फोन केला होता. लाइन खरखरत होती, आणि बाबा रिसीव्हरमध्ये ओरडत होते, "एकाच गोदामात, इद्रीसभाऊ! एकाच गोदामात!"

त्याआधीचा, नव्वद सालचा तो उन्हाळा आम्ही पुण्याला सुट्टीवर होतो आणि ते ओमडुर्मानला. ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि दोन्ही घरं होती तिथेच राहिली. आम्ही पुढे परतलो. उस्तादांना परतायला नोकरी राहिली नव्हती. इमारत तीच होती, जिन्यातला वास मात्र गेला होता. पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराने काळ्या झालेल्या त्या वेळच्या कुवेतच्या आकाशाबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मला आठवतं ते एवढंच की गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टवर काळे ठिपके पडायचे, आणि आई तो शर्ट पुन्हा धुवायची. अशीच कपडे काढायला गेली असताना पाण्याच्या टाकीमागच्या सांदीत तिला पलंगपोस दिसला. स्वतःचा असल्यामुळे लगेच ओळखला. उस्तादांनी सुट्टीवर जाताना तलवार तिथे ठेवली होती; टाकीतून झिरपणाऱ्या पाण्यात ती कित्येक महिने पडून होती. बाबांनी ती पुसली, वाळवली, कपाटावर ठेवली. हनान परत आली तेव्हा तिच्या स्वाधीन केली. म्यानातून मात्र ती निघाली नाही. कधीतरी बघू, असं म्हणत तीस-पस्तीस वर्षं गेली.

"आई, आर यू स्मेलिंग इट?" ईशाने विचारलं, आणि मी टेबलावर परत आले.

प्रयत्न क्रमाने केले. सतीशने मूठ धरली, हनानने म्यान, दोघांनी ओढलं. मग गंज सोडवणारा स्प्रे, जो मी गोदामातून आणला होता. मग आईच्या सांगण्यावरून हेअर ड्रायर. तलवार तसूभर हलली नाही. सतीशच्या तळहातावर मुठीचा शिक्का उमटला.

"आत काहीतरी चिकटलंय," मी म्हटलं. "नुसता गंज असा धरत नाही. आणि हा वास कसला आहे? खोबरेल?"

फोनच्या स्क्रीनवर आई दिसेनाशी झाली. फक्त पुण्याच्या घराचा पंखा दिसत होता.

"आई?"

"आहे मी. ऐकतेय."

"आई, तू काही केलं होतंस का?"

पंखा थोडा वेळ फिरला. मग आई कॅमेऱ्यात आली. "हे बघ, त्यांनी सांगितलं होतं, पात्याला लाल लावायचं नाही. मी पात्याला कधी बोट लावलं नाही. शपथ. पण पूजा अर्धवट कशी ठेवायची? दरवर्षी त्यांचं लक्ष तुम्हा मुलींकडे गेलं की मी म्यानाच्या तोंडातून आत चिमूटभर टाकायची. हळदकुंकू. आणि अक्षता. आणि चार थेंब खोबरेल. लोखंड आहे, कोरडं राहू नये म्हणून."

"दरवर्षी?"

"वर्षातून एकदाच," आई म्हणाली.

हनानला आधी समजलं नाही. मी अरबीत सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले, आणि मग ती खुर्चीवर बसून जी हसायला लागली, ती थांबेना. "मावशी! तुम्ही माझ्या बाबांच्या तलवारीला भात खाऊ घातला?"

"कच्चा होता गं तो," आई म्हणाली. "तुझे बाबा रागावतील का?"

मेलेल्या माणसाबद्दल आई असंच बोलते, बाहेर गेलेल्या माणसासारखं. हनानने डोळे पुसले. "आता कसले रागावतात. पण मला सांगितलं असतं, तर मी बाबांना सांगितलं असतं, आणि बाबा म्हणाले असते, मला माहीत आहे. त्यांना सगळं आधीच माहीत असायचं."

ठरवलं, म्यानाची शिवण उसवायची. चामडं नाही, फक्त दोरा. म्हणजे पुन्हा शिवता येईल. शिवण म्यानाच्या पाठीवरून, मुठीपासून त्या पानासारख्या टोकापर्यंत जाते. मी उसवणी पुढे केली. हनानने ती हातात घेतली.

"हे ज्याने शिवलं," ती म्हणाली, "तो किती लांबून आला होता."

"मी उसवू का?" सतीशने विचारलं.

"नाही. यल्ला, चला." आणि तिने पहिला टाका तोडला.

टाके बारीक होते. ती एकेक तोडत गेली. ईशाने मोबाइल खाली ठेवला, हे मी मुद्दाम नोंदवते. म्यान हळूहळू शेंगेसारखं उकललं. आतून चामडं पिवळं-तांबडं झालं होतं, आणि त्यावर तांदळाचे दाणे एकमेकांना चिकटून, तेलात जुने होऊन, राळेसारखे चमकत बसले होते. माझ्या शाळेतल्या सगळ्या नवम्या. पातं त्यांच्यातून सुटताना कागद फाटल्यासारखा आवाज आला.

पात्यावर गंज होता, पण खोल नव्हता. खोबरेलने काम केलं होतं. हे आईला सांगितल्यावर तिने फोनमधून आमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मी स्प्रे मारून पुसत गेले. एक अर्धचंद्र वर आला, डोळा आणि नाक असलेला. मग दुसरा, जरा वाकडा. मग मधला.

मी फडकं थांबवलं.

गोदामात ट्रकचा भार पेलणाऱ्या कमानीचे पाटे माझ्या हातांखालून रोज जातात. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून त्यांची कमान होते, आणि त्या सगळ्यांना मधोमध एक बोल्ट आरपार धरून ठेवतो. म्हणून प्रत्येक पाट्याला मध्यावर भोक असतं. मधला चंद्र म्हणजे ते भोक. कुणीतरी त्यात लोखंडाचा खिळा ठोकून, घासून, वर रेघा कोरून त्याला चेहरा दिला होता. पातं उलटं केलं. पलीकडेही तोच गोल, तिथे चेहरा कोरलेला नव्हता. शर्टाच्या बटणाएवढा. शंका घ्यायला जागाच नव्हती.

थांबलेलं फडकं हनानने पाहिलं. "काय?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं; मला दुसऱ्या तऱ्हेने सांगता येत नाही. पातं जर्मनीचं नाही. लॉरीच्या पाट्यापासून घडवलंय. पुराणवस्तू नाही, परवाना लागणार नाही. घरसामानात जाईल.

काम झालं होतं. आम्हाला हवं तेच निघालं होतं. आणि हनानचा चेहरा मात्र पडला.

"लॉरी," ती म्हणाली. मग अरबीत काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "मी मुलाला काय सांगू? मी त्याला झोपवताना ते उंट सांगायचे. तो पेला, ती राखदाणी. सगळं."

"सांगायलाच पाहिजे असं नाही," सतीश म्हणाला.

"तुला काय, तू पुण्याचा. तुमच्याकडे सगळं खरं असतं." हे ती एरवी थट्टेत म्हणते. आज थट्टा नव्हती.

ती उठून खिडकीशी गेली. खाली समुद्राच्या बाजूला आता मोठ्या इमारती आहेत. समुद्राची एक उभी चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. फोनमधून आई म्हणाली, "हनान, बाळ, तुझे आजोबा काय करायचे गं? इद्रीसभाऊ कधी सांगायचे नाहीत. काफिला घेऊन जायचे, एवढंच म्हणायचे."

हनान वळली. मग टेबलावरून मोबाइल घेतला, शोधत राहिली आणि माझ्यासमोर धरला. जुन्या फोटोचा फोटो. डोक्याला मुंडासं, कंबरेवर हात, एक उंच, किडकिडीत माणूस, आणि त्याच्या मागे लाकडी फळ्यांची, पोत्यांनी भरलेली, एका बाजूला झुकलेली लॉरी.

"कसाला शहर ते पोर्ट सुदान बंदर," ती म्हणाली. "तिळाची पोती, डिंकाची पोती. बाबा म्हणायचे, हा आजोबांचा काफिला. मी लहान होते. मला वाटायचं, उंट फोटोच्या बाहेर उभे असतील."

मी फोटो मोठा केला. लॉरी उजव्या बाजूला बसली होती. गोदामात अशी गाडी आली की मी न विचारता लिहिते : पाटा गेलाय.

हे पातं त्याच लॉरीचं, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. कसाला शहराच्या बाजारात मोडक्या लॉऱ्यांच्या पाट्यांपासून तलवारी घडवतात, हे मात्र हनाननेच मग सांगितलं. तिने लहानपणी पाहिलं होतं, गिऱ्हाइकं पोलाद घरून घेऊन यायची. त्या लॉऱ्याही कुठे सुदानात बनत होत्या? त्याही जहाजातूनच यायच्या. ज्या रस्त्याने उंट जायचे त्यावरून त्याच पोत्यांसह धावायच्या, आणि धावायच्या थांबल्या की लोहार त्यांना मूठ बसवायचे.

"दोन चंद्र फिरंग्यांचे," हनान हळूच म्हणाली.

पुढचं तिने म्हटलं नाही. त्या मधल्या गोलावर तिने अंगठा ठेवला. उस्तादही तिथेच ठेवायचे. मला त्यांचा तो रुंद, खडू लागलेला अंगठा दिसला. उंट त्यांनी आमच्यासाठी सांगितले असतील. वडिलांबद्दल मात्र ते दरवर्षी, आमच्या हॉलमध्ये, चपलांच्या फळीपाशी उभं राहून खरंच सांगत होते.

"त्याला दोन्ही सांगीन," ती म्हणाली. "आधी उंट. मग लॉरी. लॉरी लग्नानंतर."

"व्हाय आफ्टर?" ईशाने विचारलं. "लॉरी इज द बेस्ट पार्ट."

हनानने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिला मस्कतला घेऊन ये. पाहुण्यांना हीच सांगेल."

फोटो काढले, पाठवले. संध्याकाळपर्यंत एजंटचं उत्तर आलं : चालेल. रविवारी खोकी गेली. तलवार पलंगपोसात गुंडाळून, वरून जाड प्लास्टिक, पुस्तकांच्या खोक्यात. म्यान तेवढ्यात शिवून होणार नव्हतं, म्हणून ते मी घरी आणलं. गुरुवारी हनानला विमानतळावर सोडलं. ती रडली नाही, मीही नाही. आम्ही दोघी सामानाच्या वजनावरून काउंटरवरच्या माणसाशी भांडत होतो. आत जाताना ती वळून म्हणाली, "मावशीला सांग, तांदूळ चांगला होता. बासमती असणार."

फिंतासच्या गल्लीतून नंतर एकदा गेले. बोरीचं झाड नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात आता कुठल्यातरी हॉटेलच्या डब्यांचा वास येतो, पण पहिल्या मजल्यावर एका दाराशी कुणीतरी आल्याची कॉफी भाजत होतं की काय, क्षणभर पाय थांबले.

म्यान माझ्याकडे, मंगाफला, बाल्कनीतल्या टेबलावर उकललेलं पडलंय. फहाहीलला एका चप्पल शिवणाऱ्याकडे नेलं. त्याने उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. नुसतं चामडं शिवलं तर ते आकसेल, म्हणाला. आत पातं ठेवून त्याच्यावर शिवावं लागतं, नाहीतर तलवार पुन्हा आत जाणार नाही. लाकडाची पट्टी घालून बघू का, असं विचारलं, तर म्हणाला, तलवार कुणाची त्याला विचारा. मी हनानला फोन केला.

"मग ये की," ती म्हणाली. "तलवार इथे, म्यान तिथे. कुणीतरी विमानात बसायलाच हवं."

"मला चामड्याची शिवण येत नाही."

"मला तरी कुठे येते? दोघी मिळून शिकू. मुहन्नद विचारतोय, खाला, म्हणजे तू, कधी येतेय. नवरदेवाने उघडी तलवार किती वेळ धरायची? पाहुण्यांत मुलं असतात."

दाभण मिळालं. मेणाचा दोरा मिळाला, तपकिरी, जुन्या दोऱ्याशी जुळणारा. चामडं मऊ करायला काय वापरायचं ते विचारून घेतलं. आईला विचारलं नाही. तिकीट अजून काढायचं आहे.